जुनी ईव्ही घेताना बॅटरी कशी तपासायची: मीटर लावून, युनिट मोजून

भावा, तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू इचलकरंजीचा, रोज गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला येतोस, जाऊन येऊन साठ-सत्तर किलोमीटर. २०२१ ची नेक्सॉन ईव्ही बघितलीस, ३०.२ युनिटचा बॅटरी पॅक, ६२ हजार किलोमीटर फिरलेली. डीलरनं मोबाइलवर एका ॲपचा फोटो पाठवलाय त्यात बॅटरी हेल्थ ९७ टक्के दिसतंय, आणि उद्यापर्यंत टोकन द्या नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे असं म्हणतोय. घेऊ का?

गाडी चांगलीही असेल, मी ती बघितलेली नाही, पण त्या फोटोच्या जोरावर टोकन द्यायचं नाही. दुसरं गिऱ्हाईक असेल तर खुशाल घेऊ दे त्याला, जुन्या ईव्ही आता बाजारात एवढ्या आल्यात की अशी गाडी परत मिळते. तू डीलरकडं एकच मागणी कर, गाडी पंधरा टक्क्यांपर्यंत उतरवायची, रात्रभर मधे मीटर लावून फुल चार्ज करायची आणि दुसऱ्या दिवशी निम्मा दिवस मला चालवायला द्यायची. मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम करतो आणि अलीकडं ईव्ही तपासायलाच लोक जास्त येतात, ते सगळे पहिल्यांदा मोबाइलवरचा टक्का दाखवतात, आणि मी सगळ्यांना पहिल्यांदा युनिटचंच विचारतो.

आधी ते ९७ येतं कुठनं ते समजून घे. बॅटरीत किती दम उरलाय हे थेट मोजणारा कुठलाही सेन्सर गाडीत नसतो. बॅटरीसोबत बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारा कॉम्प्युटर असतो, तो खरोखर मोजतो त्या तीनच गोष्टी, प्रत्येक सेलचं व्होल्टेज, आत-बाहेर जाणारा करंट आणि पॅकमधल्या काही ठिकाणचं तापमान. बाकी सगळा हिशेब, आणि त्या हिशेबातनं बांधलेला अंदाज म्हणजे एसओएच, ॲपवरची ती बॅटरी हेल्थ. आता हा अंदाज बरोबर यायचा तर गाडी अधनंमधनं खालपर्यंत उतरून एका दमात वरपर्यंत भरली पाहिजे. आधीचा मालक रोज ५० वरनं ८० वर नेत असेल आणि वर्षभरात फुल चार्जच केली नसेल तर बीएमएसकडं नवीन माहितीच येत नाही आणि तो जुनाच आकडा धरून बसतो. त्यात बाहेरच्या ॲपचा वेगळाच घोळ, ही ॲप गाडीच्या कॉम्प्युटरकडनं आलेले कच्चे आकडे आपल्या सूत्रात घालतात, ते सूत्र त्या मॉडेलसाठी बरोबर असेलच असं नाही, एकाच गाडीवर दोन ॲप लावली तर दोन वेगळे टक्के येताना मी स्वतः बघतो. शिवाय काही गाड्यांत स्कॅनर लावून बीएमएसचे शिकलेले आकडे पुसता येतात, मग काही दिवस हेल्थ नव्यासारखी दिसते. तुझा डीलर असं काही करतोय असं मी म्हणत नाही. पण जो आकडा पुसता येतो त्यावर सात-आठ लाखांचा व्यवहार कशाला करायचा.

युनिटचं तसं नाही, बॅटरीत जेवढी जागा उरलीय तेवढीच वीज आत जाणार आणि ती तुझ्या मीटरवर दिसणार.

कसं करायचं ते नीट सांगतो, कारण सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. गाडी आधी १०-१५ टक्क्यांपर्यंत उतरव, चालवूनच, उभी करून एसी चालू ठेवून नको. मग घरचा पंधरा अँपिअरचा सॉकेट आणि गाडीसोबतचा पोर्टेबल चार्जर, आणि दोन्हीच्या मधे एक सिंगल फेजचा सबमीटर, भाडेकरूंसाठी लावतात तसला, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. वायरमनकडनं बोर्डवर चांगल्या जाडीची वायर घालून बसवून घे कारण आठ-नऊ तास सलग बारा-तेरा अँपिअर ओढायचे असतात, बारीक वायरीवर आणि सैल सॉकेटवर हा प्रयोग करायचा नाही, प्लग वितळतो. सबमीटर नसेल तर घरचा महावितरणचा मीटर चालतो, पण मग रात्रभर फ्रिज, गीझर, मोटर सगळं बंद पाहिजे. अर्थिंग आधी तपासून घे. पेठेतल्या जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं आणि अर्थिंग नसलं की बरेच चार्जर लाल लाइट लावून चार्ज करायला नकार देतात, मग लोकांना वाटतं गाडीच बिघडलेली आहे. डीलर गाडी घरी न्यायला देत नसेल तर त्याच्या यार्डात लाव, तू मीटर घेऊन जा. सुरुवातीचा टक्का आणि मीटरचा आकडा दोन्हींचा एकाच फोटोत पुरावा घे, आणि चार्जिंग आपोआप थांबेपर्यंत प्लग काढू नको, १०० दिसलं म्हणून लगेच काढायचं नाही, शेवटी बीएमएस सेल एकसारखे करत असतो त्यालाही वेळ लागतो.

आता हिशेब. समज १५ वरनं १०० वर गेली, म्हणजे ८५ टक्के भरली, आणि मीटरवर २५ युनिट पडले. भिंतीतनं निघालेली सगळी वीज बॅटरीत जात नाही, गाडीतला चार्जर एसीचं डीसी करताना गरम होतो, पंप-पंखे चालतात, तर साधारण १० ते १५ टक्के वाटेत जातात, आपण १२ धरू. म्हणजे आत गेले २२. याला ०.८५ नं भागलं की आले २५.९, म्हणजे पूर्ण पॅक आता जवळजवळ २६ युनिटचा आहे. ३०.२ शी ताडून बघितलं तर ८६ टक्के. त्यात एक बारीक गोष्ट, नवीन गाडीतही कंपनी वर-खाली थोडी जागा राखून ठेवते, त्यामुळे नवी गाडीसुद्धा या पद्धतीनं पूर्ण १०० दाखवत नाही, म्हणून ८६ आलं तर खरी तब्येत त्याच्या वर दोन-चार टक्के धर. ही पद्धत लॅबसारखी काटेकोर नाही, चार-पाच टक्क्यांचा फरक इकडं तिकडं होतो हे मान्य. पण ९७ आणि ८० मधला फरक ती लपू देत नाही आणि तुला तेवढंच पाहिजे.

आकडा आला की काय समजायचं? चार-पाच वर्षांच्या, साठ हजार फिरलेल्या गाडीला मी ८५ च्या वर काहीही आलं तर समाधानी असतो. वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास घट धरायची, पहिल्या एक-दोन वर्षांत जरा जास्त आणि नंतर सावकाश, असा साधारण क्रम असतो. एका फुल चार्जला दोनशे किलोमीटर धरले तर ६२ हजार म्हणजे तीनशेच्या वर जरासे पूर्ण फेरे झाले, आणि आजचे सेल याच्या कितीतरी पट फेरे काढण्यासाठी बनवलेले असतात. म्हणजे नुसत्या वापरानं ही बॅटरी म्हातारी व्हायचं कारण नाही. ८० च्या खाली आली तर मात्र मी विचारीन की असं का, गाडी कुठं होती, कशी ठेवली होती. फुल चार्ज करून उन्हात आठवडेच्या आठवडे उभी केलेली गाडी रोज पळवलेल्या गाडीपेक्षा जास्त झिजते, हे लोकांना खरं वाटत नाही पण असंच आहे, लिथियम सेलला उष्णता आणि वरपर्यंत भरलेली अवस्था दोन्ही एकत्र आवडत नाही. आपल्याकडं कोल्हापूरचा उन्हाळा विदर्भाच्या मानानं बराच सौम्य, त्यामुळे एमएच-०९ ची, इथंच वापरलेली गाडी असेल तर मी ती जमेची बाजू धरतो.

बॅटरी थंड कशी होते तेही बघ. नेक्सॉन ईव्ही, एमजीची झेडएस ईव्ही, ह्युंदाईची कोना यांच्या पॅकमधनं कूलंट फिरतो. सिट्रोएन ईसी३ सारख्या गाडीत हवेवरच काम भागवलंय. हवेवरची गाडी घेऊच नये असं नाही, पण तिथं उन्हाळ्यात वारंवार फास्ट चार्जिंग झालंय का हा प्रश्न जास्त कडक विचारायचा. कूलंटच्या गाडीत बॉनेट उघडून टाकीची पातळी बघ, आणि कमी दिसली तर नुसतं वरनं ओतून पुढं जाऊ नको, गेला कुठं ते शोधायला लाव. बाहेर पाइपच्या क्लॅम्पवर गळत असेल तर किरकोळ, पॅकच्या आत गळत असेल तर गाडी सोड.

आता सेलचं. पॅक म्हणजे शंभरएक सेल एकामागं एक जोडलेले, आणि त्यात जुंपलेल्या बैलांसारखं असतं, सगळ्यात थकलेला बैल जिथं थांबतो तिथं सगळी गाडी थांबते. बाकीचे सेल धडधाकट असले तरी एक सेल आधी रिकामा झाला की बीएमएस त्याला वाचवण्यासाठी पॉवर तोडतो. म्हणून एकूण क्षमतेइतकंच सेलमधला फरक बघणं गरजेचं आहे, आणि माझ्या मते तर थोडं जास्तच, कारण सगळे सेल एकसारखे झिजून ८५ वर आलेला पॅक अजून वर्षानुवर्षं चालेल, पण एक सेल मागं पडलेला ९२ चा पॅक कधी रस्त्यात उभा करेल सांगता येत नाही.

हे बघायला ओबीडी ॲडॅप्टर लागतो, गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे मोबाइलवर दाखवणारा, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा, ईएलएम३२७ नावानं ऑनलाइन मिळतात, आणि कार स्कॅनरसारखं ॲप ज्यात तुझ्या मॉडेलचं प्रोफाइल आहे. फक्त वाचायचं, कोड पुसायचे नाहीत, कोडिंगच्या मेनूत जायचंच नाही, आणि काम झालं की काढून ठेवायचा, तसाच राहिला तर १२ व्होल्टची बॅटरी उतरते. त्यात सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी व्होल्टेजचा सेल दिसतो, दोघांतला फरक बघायचा. गाडी अर्धा तास शांत उभी असताना फरक २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान, ५० च्या पुढं गेला तर खोलात जायचं, १०० च्या पुढं असेल तर सर्व्हिस सेंटरच्या लेखी रिपोर्टशिवाय मी तरी कुणाला घे म्हणणार नाही.

पण इथं केमिस्ट्री आडवी येते आणि इथंच भले भले मेकॅनिक चकतात. लिथियम सेल मुख्यतः दोन जातीचे, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) आणि एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट). एनएमसी सेलचं व्होल्टेज टक्क्याबरोबर बऱ्यापैकी सरळ चढत-उतरत असतं, त्यामुळे ५० टक्क्यांवरही फरक दिसतो. एलएफपी सेलचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, वीस टक्के असो की ऐंशी, ३.३ च्या आसपासच. मग ६० टक्क्यांवर ॲप लावून फरक तीन मिलिव्होल्ट दिसला म्हणून खूश व्हायचं कारण नाही, तिथं आजारी सेलही तेवढंच दाखवतो. एलएफपी पॅक बघायचा तो दोन टोकांना, फुल चार्ज संपत आला तेव्हा आणि १५ टक्क्यांच्या खाली. डीलर लोक गाडी दाखवतात ती साठ-सत्तरवरच, मुद्दाम नसेल, पण तिथं काहीच दिसत नाही. एमजी झेडएस ईव्हीचा आधीचा ४४.५ चा पॅक एनएमसी आणि २०२२ नंतरचा ५०.३ चा एलएफपी, कोना एनएमसी, बीवायडी ॲटो ३ एलएफपी, असं मॉडेलप्रमाणंच नाही तर वर्षाप्रमाणंही बदलतं. तुझ्या गाडीत कुठला आहे ते कुणाच्या ऐकीव माहितीवर ठेवू नको, फुल चार्जनंतर तासाभरानं एका सेलचं व्होल्टेज बघ, ४.१ च्या आसपास असेल तर एनएमसी आणि ३.४ च्या आसपास किंवा थोडं खाली असेल तर एलएफपी, वाद मिटला.

चार्जिंग चालू असताना अजून एक लक्ष ठेव, टक्का एकसारखा चढतोय का. ८९ वरनं एकदम १०० ला उडी मारली, किंवा ९९ वर तीन-चार तास अडकून बसली, तर एक तर बीएमएसचा हिशेब भरकटलाय नाहीतर सेल असमतोल आहेत. पहिलं कारण असेल तर दोन-तीन वेळा खालनं वर फुल चार्ज केल्यावर सुधारतं. दुसरं असेल तर परत तसंच होतं.

मग चालवून बघायचं. शहरात, ताराराणी चौक ते रंकाळा अशी फेरी मारून काही कळत नाही, तेवढ्यात पाच-सहा टक्के उतरतात आणि त्यात हिशेब बसत नाही. हायवे धर. निपाणीपर्यंत जाऊन ये, किंवा कराडकडं जा, सत्तर-ऐंशीच्या वेगानं, एसी चालू ठेवून, ट्रिप मीटर शून्य करून. सहापदरीच्या कामामुळं वेग एकसारखा राहत नसेल तरी अडचण नाही, कारण आपण रेंजचा अंदाज बघणारच नाही. स्क्रीनवर जे "इतके किलोमीटर उरले" लिहून येतं ते आधीच्या चालवण्यावर ठरतं, हळू चालवणाऱ्या माणसाच्या हातातनं आलेली दमलेली गाडीही मोठा आकडा दाखवते. आपण बघायचं सरासरी खर्च आणि उतरलेले टक्के. समज शंभर किलोमीटर झाले, सरासरी १३० वॉट-अवर प्रति किलोमीटर आली, म्हणजे १३ युनिट खर्च झाले. तेवढ्यात ५० टक्के उतरले असतील तर पूर्ण पॅक २६ चा. रात्रीच्या मीटरवर आला होता २५.९. दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की मग ते खरं मानायचं, आणि ते नाही जुळलं, समज इकडं २२ च निघाला, तर सेलमध्ये काहीतरी आहे असं धरून परत तपासायचं.

दर दहा टक्क्यांना किती किलोमीटर पडले ते सोबतच्या माणसाला वहीत लिहायला सांग. १०० ते ९० मध्ये अठरा, मग सतरा, अठरा, असं येत असेल तर उत्तम. शेवटी ३० ते २० मध्ये अचानक नऊच पडले तर तो थकलेला सेल बोलतोय. म्हणून गाडी वीसच्या खाली नेल्याशिवाय परीक्षा पूर्ण होत नाही, अर्थात जवळ चार्जर असेल अशाच ठिकाणी.

आणि पन्हाळा. आपल्याला घरबसल्या टेस्ट ट्रॅक मिळालाय तो वापर की. कोल्हापूरपासनं गडावर साधारण चारशे मीटर चढायचं असतं, तीन माणसं घेऊन सोळाशे किलोच्या गाडीला नुसतं ते उचलायलाच पावणेदोन युनिट लागतात, ते बॅटरीला कमी वेळात द्यावे लागतात. २५-३० टक्क्यांवर असताना चढ आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबून सेलमधला फरक बघ. उभी असताना १५ मिलिव्होल्ट फरक दाखवणारा पॅक लोडवर चाळीस-पन्नास दाखवणार, ते चालतं, पण लोडवर एकच सेल बाकीच्यांपासनं तुटून खाली जात असेल, आणि तो नेहमी त्याच नंबरचा असेल, तर पॅकमधलं त्या जागचं कनेक्शन किंवा तो सेलच खराब आहे. पॉवर कमी झाल्याची खूण स्क्रीनवर आली तर तिथंच व्यवहार थांबव. उतरताना रिजेनमुळे, म्हणजे वेग आवरताना मोटर उलटी वीज बनवते त्यानं, टक्के परत चढले पाहिजेत, फक्त फुल चार्ज करून उतरायला सुरुवात केलीस तर भरायला जागाच नसते आणि रिजेन लागत नाही, त्याला दोष समजू नको.

फास्ट चार्जिंग एकदा लावून बघ, सीसीएस-२ म्हणजे डीसी फास्ट चार्जरच्या प्लगवर. ३०.२ च्या पॅकला १० ते ८० तासाभरात व्हायला पाहिजे. वेग फारच कमी येत असेल तर आधी दुसऱ्या चार्जरवर लाव, बऱ्याचदा दोष चार्जरचा असतो. आधीच्या मालकानं डीसी फास्ट चार्जिंग किती वापरलं याची लोक फार चौकशी करतात, कूलंटवाल्या गाडीत मी त्याला तेवढं महत्त्व देत नाही.

महत्त्व देतो ते पुराला, आणि कोल्हापुरात गाडी घेणाऱ्यानं हे सोडूच नये. २०२१ च्या जुलैत काय झालं ते आपण बघितलंय, हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, शाहूपुरी, चिखली, आंबेवाडी सगळीकडं पाणी, आणि २०२४ लाही राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून गेली. बॅटरी पॅक आयपी६७ असतो म्हणजे पाण्यात काही होत नाही असं विकणारा सांगेल. आयपी६७ ची परीक्षा असते एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. पूर अर्धा तास थांबत नाही, दिवसेंदिवस थांबतो आणि पाण्यात गाळ असतो. सील टिकलं तरी बाहेरचे कनेक्टर, १२ व्होल्टचं वायरिंग, फ्यूज बॉक्स यांना ते संरक्षण नसतं, आणि पाण्यानं सुरू झालेलं गंजणं दोन-दोन वर्षांनी वर येतं.

गाडी रॅम्पवर घे आणि खालनं टॉर्च मारून बघ. पॅकच्या कव्हरच्या कडेला, बोल्टच्या खाचांत, अंडरबॉडीच्या कोपऱ्यांत वाळलेला बारीक गाळ आहे का. कार्पेट उचल, सीटचे रेल बघ, बेल्ट पूर्ण ओढून शेवटचा भाग बघ, तिथला पाण्याचा डाग धुऊन जात नाही. कनेक्टरवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर पाणी गेलंय. पॅकला खालनं दणका बसलाय का तेही याच वेळी बघ, आपल्याकडं उसाच्या ट्रॉल्यांनी खणलेले रस्ते, मधे उंचवटा राहिलेला, त्यावर पॅक घासतो. ओरखडा चालतो, आत गेलेला खळगा चालत नाही. केशरी केबल आणि पॅकचं कव्हर मात्र स्वतः उघडायचं नाही, तू नाही आणि ओळखीचा मेकॅनिकही नाही, आत तीनशेच्या वर व्होल्टचं डीसी असतं आणि ते माणूस मारतं. इन्सुलेशनची तपासणी सर्व्हिस सेंटरला करायला सांग आणि आकडा लिहून घे. नियमाप्रमाणं डीसीला किमान १०० ओहम प्रति व्होल्ट लागतं, म्हणजे ३२० व्होल्टच्या पॅकला ३२ हजार ओहम, पण हे अगदी खालचं टोक झालं, निरोगी गाडीत तो आकडा लाखोंच्या घरात असतो. तीस-पन्नास हजार ओहम येत असेल तर नियमात बसते म्हणून घेऊ नको, ओल कुठंतरी आहे.

कागदपत्रांचं भरभर सांगतो. तुझ्या गाडीच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल तोपर्यंत कंपनीची वॉरंटी असते, मोजणी पहिल्या मालकाच्या तारखेपासनं, म्हणजे २०२९ पर्यंत. ही वॉरंटी तुझ्या नावावर चालू राहील का हे डीलरला नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर देऊन विचार आणि मेलवर उत्तर घे. सर्व्हिस वेळेवर झालेल्या नसतील, बाहेर कुणी हाय व्होल्टेजला हात लावला असेल, पुराचा क्लेम झालेला असेल, तर ती अडकते. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर पॅक बदलून मिळतो ते बुकलेटमध्ये लिहिलेलं असतं, बऱ्याच कंपन्या ७० धरतात, म्हणजे ७५ वर आलेला पॅक तुलाच सांभाळायचा आहे. नवीन गाड्यांना जी लाइफटाइम बॅटरी वॉरंटी जाहीर झाली ती बऱ्याच ठिकाणी पहिल्या मालकापुरतीच असते, दुसऱ्याकडं गेली की वर्षं आणि किलोमीटरची मर्यादा लागते. आणि कुणी एमजी विंडसर वगैरे बघत असेल तर बॅटरी भाड्याच्या स्कीममध्ये घेतलेली होती का ते विचारा, असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी आल्याशिवाय पुढं जायचं नाही.

आरसी एम-परिवहन ॲपवर बघ. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी, पिवळी म्हणजे टॅक्सी. टॅक्सीची खासगी करून विकलेली गाडी असेल तर मागच्या नोंदी आरसीत आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये दिसतात, तिला वेगळा भाव आणि काही ठिकाणी वॉरंटीही वेगळी. प्रत्येक सर्व्हिसचे किलोमीटर तारखेप्रमाणं चढत गेलेत ना तेही ताड.

१२ व्होल्टची बॅटरी जुनी असेल तर घाबरू नको. गाडी चालूच होत नाही, स्क्रीनवर दहा वॉर्निंग एकदम येतात, आणि कारण निघतं ही काही हजारांची बॅटरी. उभी असताना १२.५ च्या आसपास आणि गाडी ऑन केल्यावर १३.५ च्या वर दिसलं की मोठ्या पॅकमधनं ही बॅटरी भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टरही ठीक.

आता तुझ्यापुरतं. तुला रोज सत्तर किलोमीटर लागतात. पॅक २६ चा निघाला आणि तू १४० वॉट-अवरनं चालवलीस तरी फुलला १८५ किलोमीटर होतात, म्हणजे रोज चार्ज नाही केलं तरी दोन दिवस निघतात, आणि अजून पाच वर्षांनी २३ चा राहिला तरी तुझं काम अडत नाही. त्यामुळे ९७ चे ८६ निघाले म्हणून गाडी नाकारू नको, ते भावात वसूल कर. ज्याला आठवड्याला पुण्याला जायचंय त्याला मी वेगळं सांगितलं असतं, त्याला प्रत्येक टक्का महत्त्वाचा. तू नाकारायची ती तीन कारणांवर, सेलमधला फरक, पुराची खूण, आणि वॉरंटी अडकलेली. यातलं एकही असेल तर दोन लाख कमी केले तरी घेऊ नको, कारण नवीन पॅक काही लाखांत जातो.

डीलरला आज असं सांग की टोकन देतो, पण पावतीवर लिहा, मीटरच्या चार्जिंगमध्ये क्षमता २५ युनिटच्या खाली आली, किंवा सर्व्हिस सेंटरच्या रिपोर्टमध्ये सेल किंवा इन्सुलेशनचा दोष आला, तर टोकन पूर्ण परत. लिहून देत असेल तर मीटर घेऊन जा. रात्रीचे आकडे आणि सुरुवातीच्या-शेवटच्या टक्क्यांचे फोटो इथं टाक, सेलचे व्होल्टेज फुल चार्जवरचे आणि १५ टक्क्यांवरचे दोन्ही पाहिजेत, मी बघून सांगतो.